नातं काय? – इतर!

बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवलाय: "दोन बाप मिळून पोरगं सांभाळता म्हणजे रोजचं चालतं तरी कसं?" खरं सांगू का, घरात अगदी साधं चालतं. एक डबा करतो, एक आंघोळ घालतो, आणि मोजे कुणालाच सापडत नाहीत. घरात कोणी फॉर्म भरून घेत नाही ना! गंमत सुरू होते ती बाहेर पडल्यावर. म्हणून आज प्रवासाचं बोलू.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत माझ्या जोडीदाराची ताई आणि भाऊजी, दोघंही गेले. बाळ तेव्हा सात महिन्यांचं होतं. मामा म्हणून जोडीदाराला जिल्हा न्यायालयानं त्याचा पालक नेमलं, १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली. आता पोरगं पाच वर्षांचं आहे. फोटोतल्या दोघांना ते आई-बाबा म्हणतं, मामाला पप्पा, आणि मला अप्पा. अठ्ठावीस वर्षांचा अप्पा! चालतंय.

कोर्टाच्या हुकमात मात्र अप्पाचं नाव नाही.

"मग दोघांनी मिळून दत्तक घ्या ना," असं मित्र सहज म्हणतात. तसं होत नाही. दत्तकाच्या २०२२ च्या नियमांत जोडप्याला मूल द्यायचं तर किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं लागतं, आणि आपल्याकडे दोन पुरुषांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपुढे हाही मुद्दा होता. दोघांचं मत अविवाहित जोडप्यांना दत्तक घेता यावं असं होतं. तिघांनी नियम कायम ठेवला. एकटा पुरुष दत्तक घेऊ शकतो, पण फक्त मुलगा, मुलगी नाही. सरोगसीचं म्हणाल, तर तुषार कपूर २०१६ मध्ये आणि करण जोहर २०१७ मध्ये तसे बाप झाले. २०२१ च्या कायद्यानं एकट्या पुरुषासाठी तीही वाट बंद झाली.

आता चला कौंडण्यपूरला. अमरावती जिल्हा, तिवसा तालुका, वर्धा नदीचा काठ. रुक्मिणीचं माहेर. भाऊ आडवा आला तरी जिनं निरोप धाडून आपलं माणूस स्वतः निवडलं, तिचं हे गाव. कार्तिकात इथं मोठी यात्रा भरते. जोडीदाराची आई तिथून जवळच्याच खेड्यात राहते. आजीचं म्हणणं, "पोट्ट्याले एकदा देवीच्या पाया पडू द्या." म्हणून आम्ही पुण्याहून रेल्वेनं बडनेरा, मग अमरावती, आणि तिथून एसटी पकडली.

गाडीत यात्रेची गर्दी. कुऱ्ह्याच्या अलीकडे पोरानं माझ्या शर्टावर सकाळचे पोहे परत केले. पुढच्या थांब्यावर पप्पा पाण्याची बाटली भरायला उतरला. कंडक्टरनं "सगळे आले का?" विचारलं, मागून कोणीतरी "हो" म्हणालं, डबल बेल वाजली, आणि गाडी निघाली. पप्पा खाली, आम्ही वर. मी ओरडेपर्यंत वळण मागं गेलं होतं. कागदांची फाइल त्याच्या खांद्यावरच्या बॅगेत. त्याचा मोबाइल मात्र पोराच्या हातात, कार्टून लावलेला.

शेजारच्या मावशींनी विचारलं, "पोट्ट्याची माय नाही का आली जी?"

मी म्हटलं, "आई नाही मावशी. दोन बाप आहेत. एक आत्ता मागं राहिला."

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "दोन बाप हायेत, अन् रुमाल एकबी नाही!" असं म्हणून स्वतःच्या पिशवीतला टॉवेल काढला आणि पोराचं तोंड पुसलं. पुढचा अर्धा तास पोरगं त्यांच्याच मांडीवर. 'दोन बाप' या विषयावर गाडीत चर्चा झाली, पण ती रुमालापुरतीच.

कौंडण्यपूरला उतरेपर्यंत त्याचं अंग तापलं होतं. आजी घरून निघालेली, वाटेत होती. गावातल्या एका पोरानं मोटरसायकलवरून आम्हाला जवळच्या एका दवाखान्यात सोडलं. ताप १०३. डॉक्टरांनी तपासलं, सलाइन लावू म्हणाले, आणि आधी फॉर्म भरून या म्हणून काउंटरवर पाठवलं.

"पेशंटचे कोण तुम्ही?"

"सांभाळतो मी त्याला. त्याचे मामा पालक आहेत, ते मागून येतायत."

"मग मामा आले की सही करतील. रक्ताचं माणूस पाहिजे."

फॉर्मवर 'नाते' असा रकाना होता. समोरच्या माणसानं त्यात लिहिलं: 'इतर'.

चाळीस मिनिटं तो फॉर्म तसाच पडून होता. मी ओल्या कपड्यानं कपाळ पुसत होतो, आणि पोरगं विचारत होतं, "अप्पा, पप्पा हरवला का?"

तेवढ्यात आजी आली. पेन घेतलं आणि सही केली. कोणी एक कागद मागितला नाही. सही करून ती त्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे काय लिवलं? हाबी बापच हाय त्याचा. लिवा नीट." त्यांनी काही बदललं नाही. पण सलाइन लागलं. थोड्या वेळानं पप्पा पोचला, कापसाच्या पिकअपमध्ये मागं बसून, केसांत, मिशीत सगळीकडे कापूस. पोरगं तापातही हसलं.

आता इथं नीट लक्ष द्या. आजीकडेही कोर्टाचा हुकूम नव्हता. काउंटरला कायदेशीर पालक नको होता, ओळखीचं नातं हवं होतं. आजी या शब्दालाच वजन आहे, अप्पाला अजून नाही.

आणि कायदा काय म्हणतो? मी नंतर वाचून काढलं. भारतीय न्याय संहितेचं कलम २७ बघा, जुन्या दंड संहितेत ते ८९ होतं. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी सद्भावनेनं केलेल्या गोष्टीला पालकाची संमती चालते, किंवा ज्याच्या कायदेशीर ताब्यात मूल आहे अशा दुसऱ्या व्यक्तीचीही. म्हणजे 'रक्ताचं माणूस' ही अट तिथं नाहीच. कलम ३० त्याहून पुढं जातं: तातडीची वेळ असेल आणि संमती देणारं कोणी वेळेत मिळणार नसेल, तर सद्भावनेनं केलेल्या उपचारासाठी संमतीअभावी गुन्हा होत नाही. काउंटरवर भांडायला नाही, पण शांतपणे दाखवायला हे मोबाइलमध्ये असू द्या.

आमचं आता असं ठरलंय. कोर्टाच्या हुकमाची प्रमाणित प्रत दोन्ही बॅगांत, आणि पीडीएफ दोन्ही फोनमध्ये. सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको, बॅकअप एकाच सर्व्हरवर ठेवत नाहीत. दुसरं, पालकानं नोटरी करून दिलेलं पत्र: प्रवासात आणि उपचाराच्या वेळी मूल या व्यक्तीच्या ताब्यात आहे. याला हुकमाइतकं वजन नाही, पण ताबा कुणी दिला हे त्यातून दिसतं. तिसरं, लसीकरणाचं कार्ड आणि तीन फोन नंबर पोराच्या खिशात, त्यात एक आजीचा. आणि रुमाल. चार.

थोडं सरकलंयही. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडता येतं, रेशन कार्डासाठी ते एकाच घरातले धरले जावेत. चांगलंच आहे. पण हे दोन मोठ्या माणसांपुरतं. पोराचं काय?

कारण आमचा खरा प्रश्न एसटी सुटण्याचा नाही. उद्या पप्पालाच काही झालं तर? ज्या हातानं त्याला पाच वर्षं भरवलं, त्या हाताचा कागदावर हक्क किती? वकिलांनी सांगितलं, अशा वेळी कोर्टात अर्ज करता येतो, आणि त्या कायद्यात कोर्टानं मुख्य बघायचं असतं ते मुलाचं हित. नातं बघतात, पण तेवढंच नाही. म्हणून आम्ही आतापासून जमवतोय: शाळेत पालक म्हणून केलेल्या सह्या, औषधांची बिलं, लसीच्या तारखा. आजी प्रतिज्ञापत्र द्यायला तयार आहे. तिनं एकच अट घातली, मजकूर आधी तिला वाचून दाखवायचा.

तुमच्या ओळखीत कोणी असं मूल सांभाळत असेल, मावशी, काका, मैत्रीण, कोणीही, तर त्यांना हा भाग पाठवा. आणि आज रात्री एवढंच विचारा: "कागद कुणाच्या बॅगेत आहेत?"

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!