बाईची खासगी

(वऱ्हाडातील एका खेड्यात स्त्रीपुरुषांच्या सभेपुढे झालेले भाषण)



आपल्या वऱ्हाडात कापसाच्या पहिल्या वेचणीला सीतादहीची पूजा बाईच्या हातून होते. पुढे वेचणीही तीच करते. परंतु गाडी अकोला-अमरावतीच्या बाजारात गेली म्हणजे पट्टी मात्र बाप्याच्या खिशात पडते. पूजा आमची, दुखणारी कंबर आमची, आणि पैसा तेवढा दुसऱ्याचा, हा कोणता न्याय?

चौंडीच्या धनगर पाटलाची लेक अहिल्याबाई होळकर हिचे नाव आपण आदराने घेतो. तिने घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. हे द्रव्य आले कोठून, हे मात्र कोणी विचारीत नाही. होळकरांच्या घरी दौलतीचा खजिना वेगळा व खासगी वेगळी असे. ही खासगी १७३४ साली मल्हाररावांची पत्नी गौतमाबाई हिच्या नावे लागली व तिच्यामागून अहिल्याबाईकडे आली. त्या उत्पन्नावर बाईची सत्ता होती, म्हणून बाईच्या हातून दानधर्म झाला. ज्यावर आपली सत्ता नाही, ते दान कसे देणार?

आपल्याला कोणी जहागीर देणार नाही. पण कायद्याने आपल्यालाही खासगी दिली आहे. १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा मिळाला, तो हयातीपुरता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बाई आपल्या मिळकतीची पूर्ण मालकीण झाली. २००५ साली वडिलार्जित मिळकतीत लेकीला, लग्न झालेले असो वा नसो, लेकाइतका हिस्सा आला.

पण कायद्याने आलेले हक्कसोडपत्राच्या अंगठ्याने जाते. माहेर तुटू नये म्हणून बहीण डोळे मिटून सही करते. भावाला द्यायचे तर खुशाल द्या. मात्र कागद वाचून घ्या, जमिनीचा भाव विचारा, मग सही करा. न वाचता केलेली सही हे दान नव्हे. आणि बंधूंनो, १९९२ च्या लक्ष्मीमुक्तीच्या परिपत्रकाप्रमाणे आपल्या हयातीतच बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावता येते. तुम्ही किती जणांनी लावले?

खासगीचा पहिला खर्च आपल्या देहावर करावा. बैल बसला तर ढोरांचा डॉक्टर त्याच दिवशी येतो. बाईचे दुखणे मात्र पेरणी होऊ दे, निंदण होऊ दे, वेचणी होऊ दे, असे म्हणत अंगात मुरते.

आता मागे ठेवण्याविषयी. मूलबाळ व नवरा नसलेली बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिची स्वकष्टाची कमाई प्रथम सासरच्या वारसांकडे जाते. जन्म देणारी आई मागे राहते. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर आपण सही वा अंगठा करावा व त्यांनीही सह्या कराव्यात. नोंदणी सक्तीची नाही. केल्यास बळकटी येते.

त्यात चार ओळी गावासाठीही लिहा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी लोकांच्या पैशांतून धर्मशाळा व शाळा उभ्या केल्या. आपल्या लेकराबाळांसाठी इस्टेट केली नाही. तेरवीची पंगत एका दुपारी उठते. त्याच पैशांत गावच्या शाळेला पुस्तकांची पेटी आली, तर ती पोरींच्या दोन पिढ्यांना पुरते.

तेव्हा बायांनो, या आठवड्यात दोन कामे करा. तलाठ्याकडून सातबारा काढून आपले नाव पाहा, आणि बँकेचे पुस्तक आपल्या पेटीत ठेवा.