पायाखालचे लुगडे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हाताने केलेल्या गालिच्यांनी खोली कशी सजवावी, यावर मी बोलावे असे ठरले तेव्हा आमच्या घरी हसू झाले. मलकापुरात गालिचे कोठले? आपल्याकडे वाकळ. घरात तिच्याइतके रंगीत दुसरे काही नसते, पण पाहुणे आले की ती आधी माळ्यावर जाते!

आज दाखवते आहे तो गालिचा वाकळेसारखा शिवायचा नसतो. गोणपाट चौकटीवर ताणावे, जुन्या कापडाच्या पाव ते अर्धा इंच रुंद पट्ट्या कराव्यात. पट्टी गोणपाटाखाली धरून आकडीने तिचा फासा वर ओढावा, एकदोन धागे सोडून पुढचा. गाठ मारायची नाही. फासे दाटीनेच टिकतात. कापड मात्र गालिच्याच्या मापाच्या चार-पाच पट लागते.

अमेरिका-कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील गरीब घरांतल्या बायकांनी १९व्या शतकात ही कला वाढवली. पुढे त्यांना तागाची पोती मिळू लागली, आणि ताग होता आपल्या बंगालचा! न्यूफाउंडलंड-लॅब्राडोरकडे १८९२ साली गेलेल्या डॉ. ग्रेनफेल यांच्या मिशनने तर लोकांकडून जुने रेशमी पायमोजे मागवले, कोळ्यांच्या बायकांकडून त्यांचे गालिचे करवले आणि ते विकून त्यांना चार पैसे मिळवून दिले.

आमच्या सूनबाईने ही कला शिकून घेतली. एके दुपारी पेटी उघडून ती म्हणाली, “आत्याबाई, हे हिरवं कापड घेऊ का? मधलं फूल छान उठेल.”

ते माझ्या आईचे इरकली लुगडे होते. मी एकदम “नाही” म्हटले, जरा जोरातच. आईच्या लुगड्यावर पाय द्यायचा?

ती गप्प राहिली. मग म्हणाली, “पेटीत कसर लागून जाईल ते चालेल?”

दोन दिवस आम्ही कामापुरतेच बोललो. वाकळेत आईचे लुगडे घातले असते तर मी काही म्हटले नसते. ती आपण अंगावर घेतो. तिसऱ्या दिवशी लुगडे उलगडले, तर घडीवर ते विरलेलेच होते. कात्री मीच लावली. पण अट घातली की हा गालिचा भिंतीवर लागेल. आता तो सोप्यात, फोटोखाली आहे. आल्यागेल्याची नजर पहिली तिथेच जाते. काठ मी अजून पेटीत ठेवला आहे.

पायाखालच्या गालिच्याला नातवंडांचे सदरे, फाटक्या चादरी खुशाल वापराव्यात. रंग जाणारे कापड आधी मिठाच्या नव्हे, नुसत्या पाण्यात चारदा धुवावे. मिठाने पक्का होतो यावर माझा विश्वास नाही. आणि आपल्याकडचा पाऊस विसरू नये. ओले गोणपाट कुजते, म्हणून मृगाआधी गालिचा उचलावा व दसऱ्यानंतर अंथरावा. ज्यांना एवढी उस्तवार नको, त्यांनी माळ्यावरची वाकळ काढून पलंगावर पसरावी. खोली तेवढ्यानेही उजळते.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक धुतलेले गोणपाट आणावे. हल्ली पोती बरीचशी प्लॅस्टिकची असतात, ती चालणार नाहीत. आकड्या सूनबाई आणील.