जक्कयाचा हिशोब आणि माझा

कोणी बसमध्ये असाल, कोणी कामावरून घरी निघाला असाल. चार मिनिटं द्या, आज जुनं आयुष्य सोडण्याबद्दल बोलू या.

विश्वासात येण्याआधी मी मोबाईल रिपेअरिंगच्या एका दुकानात होतो. गिऱ्हाइकाला सांगायचं, ओरिजिनल डिस्प्ले टाकलाय, आणि टाकायचा कॉपी. वरचे पैसे आपल्या खिशात. प्रभूकडे आलो तेव्हा हे बंद केलं. चर्चमध्ये साक्ष दिली, सगळे आमेन म्हणाले. मला वाटलं, संपलं.

मग एकदा लूककृत शुभवर्तमानाचा 19 वा अध्याय वाचत होतो. यरीहोचा जक्कय. मुख्य जकातदार, श्रीमंत, उंचीने ठेंगणा. येशूला बघायला तो उंबरावर चढला. ही गोष्ट संडेस्कूलपासून पाठ आहे ना? पण जक्कय शेवटी काय म्हणतो ते बघा. नुसतं 'यापुढे लुबाडणार नाही' असं म्हणत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत.

चौपटच का? गणना 5 मध्ये आहे की आपला अपराध कबूल करणाऱ्याने पूर्ण भरपाई करावी, वर पाचवा हिस्सा द्यावा. चौपट कोणाला लागायचं? निर्गम 22 बघा. मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं, त्याला. म्हणजे जक्कय स्वतःला चोराच्या रांगेत उभं करतो. 'सगळेच जकातदार घेतात' असली सबब नाही.

मी मात्र तीच सबब धरून बसलो होतो. 'सगळीच दुकानं करतात.'

मला एक काकू आठवल्या. त्यांच्याकडून 3200 घेतले होते, कॉपीचे होत होते 1400. फरक 1800, पाचवा हिस्सा 360. चौपटीची ऐपत नव्हती. 2160 रुपये पाकिटात घालून त्यांच्या दारात गेलो. म्हटलं, "काकू, मी तुम्हाला फसवलं होतं."

त्या म्हणाल्या, "आणि मी तुझं नाव चार जणींना सांगितलं रे!" पैसे घेतले, दार लावलं. मिठी नाही, माफी नाही. जिना उतरताना पाय कापत होते. पण त्या रात्री प्रार्थनेला बसलो, तेव्हा पहिल्यांदाच काही लपवायचं नव्हतं.

आता एक गोष्ट नीट ऐका, नाहीतर चुकीचा अर्थ घ्याल. जक्कय अजून झाडावरच होता, एक पैसाही परत केला नव्हता, तेव्हाच येशूने त्याला नावाने हाक मारली आणि तुझ्या घरी उतरणार म्हणून सांगितलं. कृपा आधी, हिशोब नंतर. पैसे परत करून तारण विकत मिळत नाही. पण तारणारा घरात आला की जुनी वही बंद ठेवता येत नाही.

तुमच्या वहीत कोणाचं नाव आहे? उसने घेऊन बुडवलेले पैसे? ग्रुपवर कोणाची केलेली बदनामी? आज एकच नाव निवडा आणि या आठवड्यात त्या माणसाला भेटा. तो माफ करेलच असं नाही. तरी जा.

प्रभू, आम्हाला झाडावरून खाली उतरण्याचं धैर्य दे. आमेन. पुढच्या भागात भेटू!