मदत नव्हे, काम



गटाच्या बैठकीत नोंद करताना मी विचारते, "ताई, तुम्ही काय काम करता?" उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही, घरच्यांना मदत करते." पहाटे धारा काढून दिवसभर खुरपणाऱ्या ताईसुद्धा हेच सांगतात. आज अशाच एका मदत करणाऱ्या मुलीची गोष्ट सांगते. ती लांबची आहे, अमेरिकेतली, दोनशे वर्षांपूर्वीची.

तिचं नाव सारा मिरियम पील. जन्म १८०० सालचा, फिलाडेल्फिया शहरातला. वडील जेम्स पील चित्रकार होते. तेव्हा फोटो नव्हते. आपला चेहरा पुढच्या पिढीला दिसावा असं वाटलं, तर चित्रकारासमोर तासन्‌तास बसून चित्र काढून घ्यावं लागे.

वडिलांची नजर अधू होत चालली होती. मग कपड्यांची झालर, नक्षी असं बारीक काम सारा करू लागली. चेहरा वडिलांनी रंगवायचा, झालर मुलीने. म्हणजे मदतच की! पण मदत करता करता तिचा हात तयार झाला. अठराव्या वर्षाच्या सुमारास तिने आरशात बघून स्वतःचंच चित्र काढलं.

१८२४ साली पेनसिल्व्हेनिया कला अकादमीने सारा आणि तिची मोठी बहीण ॲना यांना सभासद करून घेतलं. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्रिया. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले फ्रेंच सेनानी लाफाएत तिच्यासमोर चित्रासाठी बसले. त्यांना पत्र लिहून तिने स्वतःच विनंती केली होती. काम मागायला ती लाजली नाही.

मग बाल्टिमोर शहरात तिने सुमारे वीस वर्षं धंदा केला, शंभराहून जास्त चित्रं काढली. व्यापारी, पुढारी तिच्याकडे येत. १८४७ मध्ये ती दूर सेंट लुईसला गेली आणि तिथे तीस वर्षं राहिली. कॅमेरा आला, तशी ती उतारवयात फळांची चित्रं काढू लागली. तिने लग्न केलं नाही. पोट भरलं ते स्वतःच्या कुंचल्यावर. म्हातारपणी ती बहिणींजवळ परतली आणि १८८५ साली वारली.

साराला शिकवणारं घर मिळालं, हे खरं. सगळ्यांना तसं मिळत नाही. पण झालर रंगवणारा हात आणि पुढे पैसे घेऊन चेहरा रंगवणारा हात एकच होता. फरक इतकाच, की पुढे चित्राला नाव तिचं होतं आणि मोलही तिच्या हाती येत होतं.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत मी विचारलं, की "मदत करते" म्हणू नका. शेती करते, दुभती जनावरं सांभाळते, शिवणकाम करते, असं सांगा. मी तुमच्या नावापुढे तेच लिहीन.