दृष्टिहीन विद्यार्थी आणि संगणकावरील आज्ञा



संगणकाचा तास चालू असतो. शिक्षक सांगतात, "वर डावीकडे जा आणि तिथे दाबा." सारी मुले तसे करतात, एक मुलगा मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहतो, कारण त्याला दिसत नाही. "तू नुसता ऐक," असे त्याला मायेने सांगितले जाते आणि त्या मायेपायीच त्याचे शिक्षण थांबते. त्याची बुद्धी शाबूत असते, संगणकही सज्ज असतो. अडते ते 'वर डावीकडे' या दोन शब्दांपाशी.

दृष्टिहीनांसाठी विद्येचे दार उघडण्याचा प्रयत्न आजचा नव्हे. सहा ठिपक्यांची ब्रेल लिपी भारतीय भाषांसाठी एकरूप होऊन १९५१ साली 'भारती ब्रेल' म्हणून स्वीकारली गेली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या बालकाला जवळच्या शाळेत अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तेव्हा किनवटच्या वा निलंग्याच्या एखाद्या खेड्यातील शाळेतही असे मूल येणार आणि त्याला शिकविणे हे तेथील शिक्षकाचे कर्तव्य ठरणार.

या कामी 'स्क्रीन रीडर' साहाय्यभूत होतो. पडद्यावरील मजकूर, मेनू व बटणांची नावे तो वाचून दाखवितो. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली 'एनव्हीडीए' नावाचा स्क्रीन रीडर तयार करावयास घेतला. तो विनामूल्य मिळतो, पेन ड्राइव्हवरूनही चालतो आणि त्याच्यासोबत येणारा 'ईस्पीक' हा वाचक मराठीही बोलतो.

दृष्टिहीन विद्यार्थी माउसऐवजी कळफलक वापरतो. 'ऑल्ट' ही कळ दाबली की मेनूंची ओळ हाती येते. बाणाच्या कळांनी एकेक नाव ऐकत तो पुढे सरकतो आणि हवी ती आज्ञा आली की 'एंटर' दाबतो. 'लिब्रेऑफिस रायटर'मध्ये निबंधाचे शब्द मोजावयाचे तर 'टूल्स' मेनूतील 'वर्ड काउंट'पर्यंत त्याला असे चालत जावे लागते. डोळस मुलाला जे एका नजरेत साधते, त्यासाठी याला अनेक नावे ऐकावी लागतात. एकदा हे ठीक; पण दिवसातून वीस वेळा हाच फेरा पडला, तर निबंधाचा विचार बाजूला राहून वाटचालीतच त्याची शक्ती खर्च होते.

स्क्रिप्टचा उपयोग येथे होतो. स्क्रिप्ट म्हणजे स्क्रीन रीडरला लिहून दिलेली सूचना. तिच्यात तीन गोष्टी असतात : कोणत्या कार्यक्रमात, कोणत्या कळा दाबल्या असता, कोणती आज्ञा पार पाडावयाची. एनव्हीडीएसाठी ती 'पायथन' भाषेत लिहितात. मात्र पुष्कळ कार्यक्रमांत आज्ञेला हवी ती कळ नेमून देण्याची सोय मूळचीच असते; ती आधी पाहावी. तेथे काम भागत नसेल तरच स्क्रिप्ट लिहावी अथवा जाणकाराकडून लिहून घ्यावी.

स्क्रिप्ट लिहिताना एक चूक हमखास घडते. नांदेडहून लातूरला निघालेल्या एस.टी.तील नवख्या प्रवाशाला "अमुकाव्या थांब्यावर उतरा" असे सांगितले आणि वाटेत एक थांबा वाढला, तर तो भलत्याच गावी उतरेल. "चाकूर आले की उतरा" असे सांगितले असते, तर चुकला नसता. मेनूचेही तसेच आहे. "बाण पाच वेळा दाब" असे लिहिलेली स्क्रिप्ट कार्यक्रमाची नवी आवृत्ती येताच भलतीच आज्ञा चालवील. क्वचित लिहिलेला निबंधही पुसून टाकील. म्हणून आज्ञा तिच्या नावाने वा ओळखखुणेने शोधावी. ती सापडली नाही किंवा त्या क्षणी उपलब्ध नसली, तर स्क्रिप्टने तसे स्पष्ट बोलावे. काम झाले की नाही हे डोळस मनुष्य पाहून घेतो. दृष्टिहीनाला न बोलणारी स्क्रिप्ट फसविते. कार्यक्रमात आधीच वापरात असलेल्या कळाही तिला देऊ नयेत.

तथापि जवळची वाट दाखविण्यापूर्वी लांबची वाट शिकविणे अगत्याचे आहे. पाढे पाठ नसलेल्या मुलाला हिशेबाची युक्ती दिली, तर युक्ती चुकताच तो अडतो. मेनू स्वतः चालून पाहिलेला विद्यार्थी मात्र दुसऱ्या संगणकावर, स्क्रिप्ट नसतानाही, आपले काम करू शकतो. सरावासाठी एनव्हीडीएत 'इन्सर्ट' धरून १ दाबावा. मग दाबलेल्या कळेचे नाव व काम ऐकू येते, पण आज्ञा अमलात येत नाही. पुन्हा तेच केले की सराव थांबतो. चूक होण्याची भीती तेथे नसते.

शिक्षकाने एके दिवशी संगणकाचा पडदा बंद करून, केवळ ऐकून, एक पत्र लिहावे व जतन करावे. पत्र पुरे होईतो 'तिथे दाबा' हे शब्द त्याच्या तोंडून आपोआप गळून पडतील. दुसऱ्या दिवशी वर्गात तो सांगेल, "फाइल मेनू उघडा, सेव्ह निवडा." डोळस मुलांना ते कळेलच, आणि मांडीवर हात ठेवून बसलेल्या त्या मुलाची बोटेही कळफलकाकडे वळतील.