घरांतल्या भिंतींचा रंग

दसरा-दिवाळी जवळ आली कीं शहरांतील पुष्कळ घरांत भिंतींच्या रंगाची गोष्ट निघते. दुकानांतून नमुन्यांचें पुस्तक येतें. त्यांत बोटभर रुंदीच्या शेंकडों पट्ट्या असतात. घरांतील एकाला त्यांतला अस्मानी आवडतो, दुसऱ्याला बदामी, तिसऱ्याला पिस्त्यासारखा फिका हिरवा. थोडा वाद होतो, अखेर एका पट्टीवर बोट ठेवलें जातें, आणि आठ-दहा दिवसांनीं रंगारी आपल्या शिड्या उचलून निघून जातात. मग घरांतील मंडळी भिंतीकडे पाहूं लागतात आणि कोणीतरी हळूच म्हणतें, "पुस्तकांत हा असा दिसत नव्हता." दुकानदारानें फसविलेलें नसतें, रंगाऱ्यानें कामांत कसूर केलेली नसते, तरी रंग निराळा दिसतो, हें मात्र खरें. न आवडलेलें वस्त्र पेटींत ठेवून देतां येतें. न आवडलेली भिंत पुढचीं पांच-सात वर्षें चारी बाजूंनीं उभी असते.

याचें कारण असें कीं, रंग हा एकट्या भिंतीचा गुण नव्हे. तिच्यावर पडणारा उजेड, तिच्या शेजारच्या वस्तू आणि पाहणाराचे डोळे, या तिघांच्या मेळानें तो ठरतो. दुकानांत यांपैकीं एकही गोष्ट घरच्यासारखी नसते. वस्तुतः हें ज्ञान मराठी घरांना नवें नाहीं. लुगडें घेतांना जाणत्या बायका दुकानाच्या दिव्यावर कधींच विसंबत नसत. घडी उलगडून ती दाराशीं नेत, दिवसाच्या उजेडांत काठ आणि पोत दोन्ही पाहत, आणि मगच भाव विचारीत. ज्या घरांत एका वस्त्रासाठीं एवढी चिकित्सा होते, त्याच घरांत भिंतींचा रंग मात्र बोटभर पट्टीवरून ठरावा, हें नवल होय.

शेजारच्या वस्तूंचें काय महत्त्व, हें एका जुन्या हकीकतीवरून कळतें. पॅरिस येथील गोब्लें या विणकामाच्या प्रसिद्ध कारखान्याच्या रंगशाळेचे प्रमुख म्हणून मिशेल यूजेन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञांची १८२४ सालीं नेमणूक झाली. तेथील काळें सूत निस्तेज दिसतें अशी तक्रार त्यांच्यापुढें आली. त्यांनीं तपास करून पाहिला, तेव्हां सुतांत कांहींच दोष सांपडला नाहीं. तें निळ्या-जांभळ्या सुतांच्या शेजारीं विणलें जात होतें, आणि त्या शेजारामुळें डोळ्यांना फिकें भासत होतें. एका रंगाशेजारीं दुसरा ठेवला असतां दोन्ही बदललेले दिसतात, हा सिद्धांत त्यांनीं १८३९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. घरांतही तोच न्याय चालतो. तांबूस सागवानी कपाटाशेजारची राखी भिंत किंचित् हिरवट वाटूं लागते. शहाबादी फरशीच्या निळसर करड्या रंगाजवळ पिंवळट भिंत अधिकच पिंवळी भासते. म्हणून फरशी, कपाटें, दारें आणि पडदे हीं अगोदर विचारांत घ्यावीं. तीं बदलावयाचीं नसतील तर भिंतीनेंच त्यांच्याशीं जमवून घेतलें पाहिजे.

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे. पुस्तकांतील पट्टी एकटी असते. खोलींत मात्र चार भिंती एकमेकींसमोर उभ्या असतात आणि एकीवरून परतलेला उजेड दुसरीवर जाऊन पडतो. चांगली पांढरी भिंत आपल्यावर पडलेल्या उजेडापैकीं शेंकडा सुमारें ८० भाग परत देते असें धरलें, तर तीन भिंतींवरून परतल्यावर शंभरापैकीं ५१ भाग शिल्लक राहतात. गडद रंगाची भिंत ४० भागच परत देत असेल, तर तीन वेळां परतल्यावर जेमतेम ६ भाग उरतात. पहिल्या खोलींत खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यांतही वाचतां येतें. दुसरींत भर दुपारीं दिवा लावावा लागतो आणि त्याचें वीजबिल दरमहा येत राहतें. हीच गोष्ट रंगाच्या गडदपणाची. एखादा फिका पिंवळा रंग उजेडांतील पिंवळे किरण ८० भाग आणि निळे किरण ६० भाग परत देत असेल, तर पट्टीवर हा फरक सौम्य दिसतो. तीन भिंतींवरून परतल्यावर पिंवळे ५१ भाग राहतात आणि निळे केवळ २२. पट्टीवर मोतिया दिसलेला रंग खोलींत केतकी होतो, तो असा. म्हणून पट्टीवर जो रंग मनास येईल, त्याहून एक-दोन पायऱ्या फिका घ्यावा, हा जुन्या रंगाऱ्यांचा सल्ला शास्त्रालाही धरूनच आहे.

आतां उजेडाकडे वळूं. उत्तरेच्या खिडकींतून बहुतेक वेळ आकाशाचाच उजेड येतो आणि तो निळसर असतो. अशा खोलींत अस्मानी किंवा राखी रंग दिला तर ती हिवाळ्यांत उदास वाटते. तेथें मोतिया किंवा बदामी छटा शोभते. पश्चिमेच्या खोलींत दुपारनंतर तांबूस ऊन शिरतें. तेथें अबोली किंवा शेंदरी छटा संध्याकाळीं डोळ्यांना तापदायक होते आणि थंड छटा सुखावते. दक्षिणेकडून हिवाळ्यांतील कलतें ऊन खोल आंतवर येतें, म्हणून त्या खोलीला बहुतेक सर्व रंग मानवतात. शहरांत मात्र दिशेहूनही समोरच्या इमारतीचें वजन अधिक असतें. दहा-पंधरा हातांवर तांबूस रंगाची इमारत उभी असेल, तर खिडकींतून येणारा उजेडही तांबूसच येणार. आपल्या खोलीचा अर्धा रंग शेजाऱ्यानें ठरविलेला असतो, असें म्हटलें तरी चालेल.

शिवाय रंग ठरतो तो बहुधा आश्विनांतील स्वच्छ उन्हांत. त्या भिंतींत राहावयाचें असतें मात्र आषाढ-श्रावणांतही. कोंकणांत, मुंबईंत आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यांतील ढगाळ उजेड कित्येक आठवडे टिकतो. मंद उजेडांत तांबडे रंग काळवंडतात आणि निळे त्या मानानें उजळ दिसतात, हें बोहेमियांतील शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनीं १८२५ सालीं नोंदवून ठेवलें आहे. दिवाळींत राजेशाही वाटलेली डाळिंबी भिंत आषाढांतल्या संध्याकाळीं काळी कां दिसते, याचा उलगडा यांत आहे. रात्रींचे दिवेही रंग पालटतात. बाजारांतील एलईडी दिव्यांच्या वेष्टनावर केल्विनचा आंकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० चा दिवा पिंवळसर उजेड देतो, ६५०० चा निळसर पांढरा. एकाच भिंतीखालीं हे दोन दिवे आळीपाळीनें लावून पाहावे; दोन वेगळ्या खोल्यांत आल्यासारखें वाटेल. दिवा आधीं ठरवावा, रंग मागाहून.

रंग पाहण्यापूर्वीं भिंतही पाहिली पाहिजे. जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या भिंती पुष्कळदां चुन्याच्या गिलाव्याच्या असतात. त्या ओल शोषतात आणि सोडतातही. चुन्याची सफेती हवेंतील कार्बन डायॉक्साइड शोषून चुनखडीसारखी घट्ट होते, भिंतींतील ओलीला बाहेर पडूं देते, आणि तिच्या तिखट गुणामुळें ताज्या थरावर बुरशीही सहसा धरत नाहीं. सफेतींत चिमूटभर नीळ घालण्याची रीत होती. तिनें पांढऱ्यांतील पिंवळट झांक मारली जाते. चुन्यांत मात्र सर्वच रंग टिकत नाहींत. गेरू आणि पिंवळी माती वर्षानुवर्षें राहतात. प्रशियन निळा चुन्याच्या संगतींत नष्ट होतो. अशा ओलसर भिंतीवर प्लास्टिकचा इमल्शन रंग चढविला कीं ओल आंत कोंडते, आणि एक-दोन पावसाळ्यांतच पोपडे सुटूं लागतात. मग रंग वाईट निघाला अशी ओरड होते. पन्हळ गळत असेल, न्हाणीघराची ओल झिरपत असेल, तर प्रथम गवंड्यास बोलवावें, नंतर रंगाऱ्यास. नव्या गिलाव्यावरही तो पुरता वाळण्यापूर्वीं तैलरंग देऊं नये. गिलाव्यांतील चुना तेलाचा साबण करतो आणि रंग सुटतो.

जुना रंग खरवडण्याच्या कामीं तर विशेष सावधगिरी हवी, कारण येथें प्रश्न मुलांच्या प्रकृतीचा आहे. जुन्या तैलरंगांत शिशाचीं द्रव्यें सर्रास असत. १९२१ सालीं जिनिव्हा येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनें इमारतींच्या आंतील रंगकामांत शिशाचा सफेता वापरण्यास आळा घालणारा करार संमत केला. भारतांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असूं नये, असा नियम २०१६ सालीं झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अमलांत आला. म्हणजे त्यापूर्वींच्या दारां-खिडक्यांवरील थरांत शिसें असण्याचा संभव आहे. शिसें लहान मुलांच्या मेंदूस अपाय करतें, आणि अल्प प्रमाणांतही तें निर्धोक ठरलेलें नाहीं. यासाठीं जुना तैलरंग कोरडा घासूं नये. पृष्ठभाग ओला करून काम करावें, मुलांस व गर्भवती स्त्रियांस त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावें, आणि धूळ झाडण्याऐवजीं ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी.

अमुक रंगानें क्रोध वाढतो, तमुक रंगानें भरभराट होते, असेंही ऐकूं येतें. अमेरिकेंत १९७९ सालीं सीअॅटल येथील नौदलाच्या बंदिखोलीला एक विशिष्ट गुलाबी रंग देण्यांत आला आणि त्यानें बंदिवान शांत होतात असा बोलबाला झाला. पुढें काळजीपूर्वक घेतलेल्या प्रयोगांत तो परिणाम दिसून आला नाहीं. तेव्हां अशा वचनांच्या भरंवशावर घर रंगवूं नये. ज्यास जो रंग आवडतो त्यानें त्याचें मन प्रसन्न होतें, एवढें मात्र खरें. आणि तेवढें पुरेसेंही आहे.

पण प्रसन्न व्हावयाचें तें कोणाचें मन? रंग ठरविणारे गृहस्थ बहुधा सकाळीं नऊ वाजतां बाहेर पडतात आणि दिवेलागणीनंतर परततात. दिवसभर त्या भिंतींत राहतात त्या आजीबाई, गृहिणी, अभ्यास करणारें मूल किंवा अंथरुणास खिळलेला रुग्ण. वय वाढतें तसें डोळ्यांतील भिंग पिंवळट होत जातें आणि डोळ्यांत पोहोंचणारा उजेड घटतो. तरुणास जो फिका निळा आणि फिका हिरवा सहज वेगळा कळतो, तो वृद्धास एकच भासतो. पांढरी भिंत, पांढरा दरवाजा आणि पांढरें विजेचें बटण असलें, तर त्यांना रात्रीं बटण सांपडत नाहीं; न्हाणीघरांत पांढऱ्या भिंतीवर पांढरी कडी दिसत नाहीं आणि पाय घसरला तर आधाराला हात कोठें टाकावा हें कळत नाहीं. तेथें चौकटीला, कडीमागच्या भिंतीला एखादी गडद छटा दिली, तर ती शोभेपेक्षां कितीतरी अधिक काम करते. रुग्णाच्या दृष्टीनें खरी भिंत म्हणजे छत. तें चकचकीत असूं नये, नाहींतर दिव्याची तिरीप सारखी डोळ्यांत जाते. स्वयंपाकघरांत मात्र पुसतां येणारा, किंचित् तकतकीत रंगच सोयीचा.

मग निवड कशी करावी? दोन-तीन छटांचे लहान डबे आणावे. दोन हात लांब-रुंद अशा पुठ्ठ्यांवर प्रत्येकीचे दोन हात द्यावे आणि पुरते वाळूं द्यावे, कारण इमल्शन वाळल्यावर किंचित् गडद होतें आणि चुना उलट पांढरा होत जातो. हे पुठ्ठे खिडकीशेजारच्या भिंतीशीं एक दिवस आणि समोरच्या भिंतीशीं एक दिवस उभे करावे. सकाळीं, दुपारीं, संध्याकाळीं आणि रात्रीं दिव्याखालीं ते पाहावे. आभाळ भरून आलें असेल तर तो दिवस मुळींच दवडूं नये. चार दिवसांचा वेळ आणि लहान डब्यांची किंमत, एवढाच काय तो खर्च. चौथ्या दिवशीं घरांतील सर्वांनीं आपापलें मत सांगावें, आणि शेवटचें मत त्या खोलींत सर्वांत अधिक वेळ बसणाऱ्या माणसाचें धरावें.