दहिसरची नदी आणि प्राध्यापकांचें शिक्षण

विद्यार्थ्याला प्रत्यक्ष व्यवहारांतून शिकवावें, हें तत्त्व आतां सर्वमान्य झालें आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रांतील पदवीच्या अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्पाला स्थान मिळालें. प्रश्न उरतो तो शिकविणाराचा. ज्यानें वीस वर्षें फळ्याच्या सोबतीनें काढलीं, त्यानें मुलांना नदीकांठीं नेऊन काय दाखवावें?

मुंबईच्या उत्तर सीमेवरील दहिसरचीच नदी घ्यावी. राष्ट्रीय उद्यानांतील तुळशी तलावाकडून ती स्वच्छ उतरते, आणि वस्तींत शिरतांच गोठ्यांचें शेण व सांडपाणी पोटांत घेत खाडीला मिळते. लांबी सुमारें १२ किलोमीटर. रसायनाच्या प्राध्यापकानें एक बाटली उद्यानाच्या हद्दीवर भरावी, दुसरी खाडीजवळ. पाण्यांत विरघळलेला प्राणवायु मोजण्याची रीत त्यानें शेंकडों वेळां शिकविलेली असते. परंतु नमुना कांठावरच रसायनें घालून स्थिर करावा लागतो, नाहीं तर घरीं पोंचेपर्यंत आंकडा बदलतो, हें तेथेंच अंगवळणीं पडतें. शिवाय भरती होती कीं ओहोटी, हें टिपलें नसेल तर खालची बाटली व्यर्थ. प्रयोगशाळेंत समुद्राला भरती येत नाहीं!

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची परीक्षा याहून कठीण. शेण वाहून नेण्यास खर्च किती, असें गोठेवाल्याला विचारतांच तो प्रथम गप्प बसतो. पालिकेचा माणूस समजून दारहि लावील. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हें छापील कोष्टकांत मिळतें. त्या रात्रीं दहिसरच्या कोणत्या घरांत पाणी कोठवर चढलें, हें मात्र घरोघरीं विचारूनच कळेल.

ही दृष्टि मुंबईला नवी नव्हे. १९१९ मध्यें मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आलेले पॅट्रिक गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. नगर आधीं पायीं हिंडून पाहावें, मग योजना आंखावी, असा त्यांचा आग्रह. पुढें १९८७ पासून देशांत अध्यापकांसाठीं खास प्रशिक्षण-केंद्रें निघालीं, हें चांगलेंच झालें. परंतु सभागृहांत व्याख्यानें ऐकून बढतीपुरतें प्रमाणपत्र मिळतें, नदी मिळत नाहीं. २०१६ च्या उन्नत महाराष्ट्र अभियानानें अभियांत्रिकी महाविद्यालयांना भोंवतालच्या पाण्याच्या व इतर प्रश्नांकडे वळविलें. तोच मार्ग कला व विज्ञान शाखांनाहि हवा.

अन्यथा काय होतें तें उघड आहे. विद्यार्थी गेल्या वर्षीचा अहवाल उतरून आणतो, आणि जो स्वतः कांठावर गेलाच नाहीं त्या प्राध्यापकाला तें ओळखतांहि येत नाहीं. यास्तव दोन शाखांच्या प्राध्यापकांनीं मिळून आधीं एक पावसाळा नदीवर काढावा, आपला अहवाल कांठच्या रहिवाशांपुढें वाचावा, त्यांचे आक्षेप ऐकावे. आणि त्या पावसाळ्यापुरते त्यांचे तास विद्यापीठानें कमी करावे.